सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं काम कुणाला द्यायचं? ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

व्हिडिओत या विषयाला वेळ कमी पडला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

दुकानाचं नवीन काम काढलं की आपण फर्निचरवाल्याबरोबर महिनाभर घासाघीस करतो. लाइटच्या एकेका फिटिंगवर घरात चर्चा होते. आणि कॅमेरे, बिलिंग काउंटरचं नेटवर्क, वायफाय, अलार्म हे सगळं शेवटच्या आठवड्यात "अरे, ते कॅमेऱ्याचं राहिलंच की" म्हणत उरकलं जातं. या सगळ्याला मिळून लाइनमधले लोक लो व्होल्टेज किंवा ईएलव्हीचं काम म्हणतात. साधा कॅमेरा १२ व्होल्टवर चालतो. पीओई कॅमेरा असेल तर नेटवर्कच्या एकाच केबलमधून डेटा आणि साधारण ४८ व्होल्टचा सप्लाय दोन्ही जातात.

२३० व्होल्टच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिकल ठेकेदाराला सरकारी परवाना लागतो. कॅमेरेवाल्याकडे असा परवाना कुणी मागत नाही. शिडी, ड्रिल मशीन आणि क्रिम्पिंग टूल असलेला कुणीही उद्या 'सिक्युरिटी सोल्यूशन्स'चं व्हिजिटिंग कार्ड छापू शकतो. चांगलं काम करणारे भरपूर आहेत, पण चाळणी आपल्यालाच लावावी लागते.

पहिली चाळणी अगदी सोपी आहे. माणूस साइट बघायला आला की तुम्ही गप्प राहा आणि तो काय विचारतो ते बघा. "किती कॅमेरे पाहिजेत?" एवढंच विचारून मोबाईलवर रेट पाठवणारा माणूस तुम्हाला डबा विकतोय. काम करणारा माणूस वेगळं विचारतो. गल्ला कुठे आहे, माल कुठून आत येतो, पीओपी कधी होणार, आणि रात्री मेन स्विच बंद करून शटर ओढता का? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे रात्री मेन बंद करायची सवय आहे, आणि चांगली सवय आहे. पण रेकॉर्डर त्याच लाइनवर असेल, तर यूपीएसची बॅटरी संपली की कॅमेरेही झोपतात. म्हणजे ज्या वेळेसाठी कॅमेरे लावले तेव्हाच ते बंद. रेकॉर्डर, स्विच आणि राउटरला वेगळी एमसीबी आणि यूपीएस लागतो. हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगायचं असतं, आणि सांगणारा माणूस हाच.

आता कोटेशन. "तीन कोटेशन घ्या" असं मीही बॅचमध्ये सांगतो. पण तीन कोटेशन तीन भाषेत आली तर उपयोग काय? एकजण लिहितो "८ कॅमेरा सेट फिटिंगसह", दुसरा पॉइंटचा रेट लावतो, तिसरा कॅमेरे स्वस्त देतो आणि खाली बारीक अक्षरात "वायर प्रति मीटर, ॲक्चुअलप्रमाणे". हा तिसरा शेवटी सगळ्यांत महाग पडू शकतो, कारण वायर किती लागली हे मोजणारा तोच असतो. उपाय असा: दुकानाचा नकाशा साध्या कागदावर काढा, कॅमेरे, कॉम्प्युटर, वायफाय आणि रॅकची जागा त्यावर मांडा आणि तोच कागद तिघांना द्या. कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर, केबलचा ब्रँड आणि प्रकार, अंदाजे मीटर, पाइप किंवा पट्टी धरली आहे की नाही, हार्ड डिस्क किती टीबीची, हे प्रत्येकाकडून लिहून घ्या. मॉडेल नंबर यासाठीही हवा की एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट लागू झाली आहे. नुसतं "ब्रँडेड कॅमेरा" लिहिलं असेल तर तुम्ही काहीच तपासू शकत नाही.

वायर, जी पुन्हा दिसणार नाही

कॅमेरा पाच वर्षांनी बदलता येतो. पीओपीच्या वर गेलेली वायर बदलायची म्हणजे छत फोडायचं. तरी लोक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर अर्धा तास बोलतात आणि वायरवर एक मिनिटही नाही.

बाजारात कॅट ६ केबलचे दोन प्रकार मिळतात. एक पूर्ण तांब्याची. दुसरी सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. दिसायला सारखीच, ३०५ मीटरचा बॉक्सही सारखाच, किमतीत मात्र बराच फरक. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचेपर्यंत पडतं. दिवसा कॅमेरा ठीक चालतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले, करंट जास्त ओढला गेला, की तो बंद-चालू व्हायला लागतो. मग टेक्निशियन म्हणतो "कॅमेरा खराब आहे", आणि तुम्ही नवीन कॅमेरा घेता!

ओळखायचं कसं? तार सोला आणि ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर सीसीए. बॉक्सही उचलून बघा, सीसीएचा हलका लागतो. ऑर्डरवर "सॉलिड कॉपर" हे दोन शब्द लिहून घ्या आणि माल साइटवर आल्यावर समोर खरवडून बघा. यात लाजायचं काही नाही, सोनं घेताना आपण कस लावतोच ना.

अंतराचंही एक गणित आहे. कॅट ६ साठी भिंतीतली पक्की वायर जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्ही टोकांच्या छोट्या कॉर्ड धरून १०० मीटर. दुकानात हा प्रश्न येत नाही, पण मागे गोडाऊन असेल किंवा सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं असेल तर येतो. तेव्हा ठेकेदार मध्ये स्विच टाकणार की फायबर, हे विचारा. आणि डेटाची वायर लाइटच्या वायरबरोबर एकाच पाइपमध्ये घालू देऊ नका. पाइप वाचवायला हे सर्रास केलं जातं. इंटरनेट मध्येच अडकण्याचा त्रास तर आहेच, पण २३० व्होल्टच्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर तो सप्लाय कुठपर्यंत पोचेल याचा विचार करा.

काम झाल्यावर प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर पाहिजे, आणि पीओपी बंद व्हायच्या आधी तुम्ही मोबाईलवर सगळ्या वायरिंगचा व्हिडिओ काढून ठेवा. हे फुकट आहे.

पासवर्ड कुणाचा, रेकॉर्डिंग किती दिवसांचं

माझ्या बॅचमधल्या एका कापड दुकानदाराचं सांगतो. आठ कॅमेरे, सगळे चालू, टीव्हीवर चित्र छान. स्टॉक मोजताना लक्षात आलं की चार दिवसांपूर्वी महागड्या साड्यांचा एक गठ्ठा गेलाय. रेकॉर्डिंग बघायला गेले तर ॲडमिन पासवर्ड मागतोय. पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि त्याचा नंबर बंद. मोबाईलमधलं ॲपसुद्धा त्याच्याच अकाउंटवरून यांना शेअर केलेलं. कंपनीकडून रीसेट करून घ्यायला तीन दिवस गेले. तोवर रेकॉर्डरने जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढवलं होतं. नोकरावर संशय घेतला, तो मुलगा काम सोडून गेला. चोर कोण ते आजही माहीत नाही.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली पासवर्डची. रेकॉर्डर, राउटर आणि ॲप, तिन्हीचं मुख्य अकाउंट तुमच्या मोबाईल नंबरवर आणि ईमेलवर तुमच्यासमोर उघडलं गेलं पाहिजे. ठेकेदाराला सर्व्हिससाठी वेगळा यूजर बनवून द्या. "साहेब, तुम्हाला कशाला त्रास, मी बघतो" म्हणणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका.

दुसरी हार्ड डिस्कची. गणित करून बघा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर साधारण २ एमबीपीएसला सेट केला, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. १ टीबीची डिस्क सहा दिवससुद्धा पुरत नाही. ४ टीबीची तेवीस दिवस जाते. जुन्या एच.२६४ वर ४ एमबीपीएस ठेवलं तर तीच ४ टीबी साडेअकरा दिवसांत भरते. त्या दुकानात १ टीबी होती. म्हणून "किती टीबी" असं न विचारता "किती दिवसांचं रेकॉर्डिंग" असं विचारा आणि तो आकडा कोटेशनवर घ्या. आणि कधी अशी वेळ आलीच, तर फूटेज हातात येईपर्यंत रेकॉर्डर बंद करून ठेवा, म्हणजे जुनं पुसलं जाणार नाही.

रेकॉर्डरचं घड्याळही तपासा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. वेळ वीस मिनिटं पुढे असेल तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करणार.

कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो. २.८ एमएम लेन्सचा २ मेगापिक्सेल कॅमेरा अख्खं दुकान दाखवतो, पण त्यात अनोळखी माणसाचा चेहरा नीट ओळखू येतो तो साधारण तीन मीटरपर्यंतच. त्यामुळे दरवाजावर आणि गल्ल्यावर जवळून बघणारा कॅमेरा वेगळा पाहिजे. काम ताब्यात घ्यायचं ते रात्री, शटर ओढून, लाइट घालवून. दुपारच्या डेमोत सगळेच कॅमेरे चांगले दिसतात.

फायर अलार्मचं काम मात्र "तेही आपणच करतो" म्हणणाऱ्याला पटकन देऊ नका. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली हे काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यावं लागतं, आणि जिथे तो कायदा लागू आहे तिथे जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो. परवाना बघायला मागा. काचेच्या दाराला मॅग्नेटिक लॉक लावत असाल तर आतून उघडायचं बटण आणि आग लागल्यावर लॉक आपोआप सुटायची सोय आहे का, हेही विचारा.

पैशाचं मी असं ठेवतो: ४० टक्के ऑर्डरला, ४० टक्के माल तपासून फिटिंग झाल्यावर, २० टक्के पंधरा दिवस सगळं सुरळीत चालल्यावर. जीएसटी बिल घ्यायचं आणि त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याचा, रेकॉर्डरचा आणि डिस्कचा सीरियल नंबर. वॉरंटी कंपनीची असते, पण शिडी लावून कॅमेरा काढायला येणारा माणूस ठेकेदाराचा असतो. त्याची व्हिजिट पहिल्या वर्षी फुकट आहे का, तक्रार दिल्यावर किती तासांत येणार, हे एएमसीच्या कागदावर हवं.

आणि त्याने दिलेल्या जुन्या ग्राहकांच्या यादीतून दोन-तीन वर्षांपूर्वीचं काम निवडून तिथे स्वतः जाऊन या. मागच्या महिन्यातला ग्राहक खूशच असतो. जुन्या दुकानात रॅक उघडून बघायला सांगा, वायरींवर नंबर आहेत का बघा, आणि मालकाला एवढंच म्हणा: "दहा दिवसांपूर्वीचं दुपारी चारचं रेकॉर्डिंग जरा दाखवता का?"