आकस्मिक सापडणारे सरावाचे हातगोळे : ओळखीच्या खुणा व त्यांच्या मर्यादा

मंगरूळपीर परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या संशोधकास विहिरीच्या काढलेल्या गाळात, गढीच्या पांढऱ्या मातीत किंवा भंगाराच्या ढिगात एखादा गंजलेला, चौकटी पाडलेला लोखंडी गोळा दिसणे असंभाव्य नाही. अशी वस्तू ‘सरावाची’, म्हणून निरुपद्रवी, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो का टिकत नाही, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

आपल्याकडे अशा गोळ्याचा विचार करताना प्रथम मिल्स नमुना ध्यानात घ्यावा लागतो. बर्मिंगहॅमचे विल्यम मिल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हातगोळा १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारला. त्याचा ‘३६’ क्रमांकाचा सुधारित प्रकार भारतीय सैन्यातही दीर्घकाळ राहिला. त्याची जागा घेण्यासाठी नागपूर येथे तयार झालेला बहुउद्देशीय हातगोळा २०२१ च्या ऑगस्टमध्ये सैन्याच्या स्वाधीन करण्यात आला. सारांश, हा आकार शंभराहून अधिक वर्षे प्रचारात असल्यामुळे केवळ त्यावरून वस्तूचा काल ठरत नाही. स्थानावरून उगमही ठरत नाही. कारण लष्करी सरावक्षेत्रांतून वेचलेले लोखंड भंगाराच्या व्यापारातून दूरवर जाऊ शकते.

सरावाचा गोळा ओळखण्यासाठी सामान्यतः दोन खुणा सांगितल्या जातात. पहिली, कवचाला पाडलेली भोके. केवळ कवायतीसाठी वापरावयाच्या, पूर्णपणे रिकाम्या गोळ्यांना भोके पाडण्याची पद्धत होती हे खरे. परंतु ‘कवायतीचा’ आणि ‘सरावाचा’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. फेकण्याच्या शिक्षणासाठी केलेल्या काही गोळ्यांत चालू फ्यूज व अल्प स्फोटक असते. अमेरिकन ‘एम ६९’ या सरावाच्या गोळ्याच्या तळाशी भोक असते, ते आतील लहान स्फोटाचा धूर बाहेर पडावा म्हणून. अर्थात, जी खूण एका प्रकारात रिकामेपणाची, तीच दुसऱ्यात दारूच्या अस्तित्वाची ठरते. शिवाय माती व गंज यांनी भोके बुजतात, आणि गंजाने पडलेले छिद्र मुद्दाम पाडल्यासारखे भासते.

दुसरी खूण रंगाची. सरावाच्या साहित्यास निळा रंग देण्याचा संकेत अनेक सैन्यांत आढळतो. तथापि हे संकेत देशपरत्वे व कालपरत्वे बदलले आहेत. जमिनीत पडलेल्या वस्तूवरील रंग बहुधा नाहीसा होतो, आणि रंग नसणे हा कशाचाच पुरावा नव्हे. बाहेरील गंजावरून आतील द्रव्य निकामी झाले असे मानणेही तितकेच चुकीचे आहे. ‘३६ एम’ या प्रकारास तर उष्ण प्रदेशातील उपयोगासाठी, ओलाव्यापासून रक्षण व्हावे म्हणून, लाखेचा लेप दिलेला असे.

या विवेचनावरून एक नियम निष्पन्न होतो : बाह्य खुणांवरून धोक्याची शंका घेता येते, निर्धोकपणाची खात्री करून घेता येत नाही. विदर्भातीलच एक दाखला पुरेसा आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या क्षेत्रात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामी झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. जे काम नियोजनपूर्वक चालते तेथे ही स्थिती, तर घासून अक्षरे वाचू पाहणाऱ्या किंवा वजन अजमावण्यासाठी गोळा उचलणाऱ्या अभ्यासकाची काय कथा?

म्हणून वस्तूस स्पर्श करू नये. ती धुऊ, हलवू वा विभागात आणू नये. आल्या वाटेने मागे फिरावे, इतरांस दूर ठेवावे व ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. पुढील निर्णय बॉम्बशोधक व नाशक पथकाचा. संशोधकाने सुरक्षित अंतरावरून स्थान, वेळ, मातीचा थर व शोधाची परिस्थिती नोंदवावी. पथकाने वस्तू नष्ट केली तरी या नोंदी उरतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने लोखंडाच्या तुकड्यापेक्षा त्यांचे मोल अधिक आहे.