तपकिरी रंगाची साक्ष कोण तपासणार?

स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’, ‘हर-टू ३+’ अशा ठरावीक प्रथिनांच्या नोंदी असतात आणि औषध त्यांवर ठरते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय असो वा उपनगरातली प्रयोगशाळा, ही प्रथिने शोधणाऱ्या चाचणीचे तत्त्व एकच. ऊतीच्या पातळ कापावर प्रतिपिंडे सोडतात. ती ठरावीक प्रथिनाला चिकटली की तिथे तपकिरी रंग उमटवता येतो. पण रंग उमटला नाही, तर प्रथिन नाही की रसायनच निकामी झाले? हे कळावे म्हणून ज्ञात ऊतीचा कापही सोबत रंगवतात. तोच नियंत्रक.

हा नियंत्रक गडद रंगणारा असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र प्रथिन विपुल असेल, तर अशक्त झालेले प्रतिपिंडही त्याला रंगवते आणि दोष झाकला जातो. सोनाराचा काटा पाच किलोच्या वजनाने तपासत नाहीत. म्हणून फिकट रंगणारा नमुना हवाच, शिवाय मुळीच न रंगणाराही.

शस्त्रक्रियेतली उरलेली ऊती फुकट मिळते, मग वेगळा खर्च कशाला? कारण त्या ऊतीचा ठोकळा संपतो आणि पुढच्यात प्रथिनाचे प्रमाण वेगळे निघते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी किंवा प्रथिनाचे तुकडे जोडलेले सूक्ष्म मणी अधिक एकसारखे बनवता येतात. मण्यांना ऊतीची रचना नसते, हा आक्षेप रास्तच. त्यामुळे ते ऊतीची जागा घेत नाहीत. मणी रसायनाची ताकद मोजतात, ऊती रंग योग्य जागी बसला का ते दाखवते. विश्वासार्ह अहवालाला दोन्ही लागतात.