उभ्या जनावराची भूल

कवठे महांकाळच्या कोरडवाहू पट्ट्यात एखाद्या म्हशीचे पोट उघडायची वेळ आली, तर ती बहुतेकदा गोठ्यापुढे चार पायांवर उभी असते. शिंगांना दावे, डाव्या कुशीवरचे केस काढलेले आणि तेवढाच भाग बधिर. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे निर्दयपणाचे वाटते. खरा धोका तिला आडवी पाडून गाढ झोपवण्यात असतो.

कारण पोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो आणि तिथले आंबणे भुलेसाठी थांबत नाही. जनावर बेशुद्ध झाले की ढेकर बंद पडतो, वायू साठतो, फुगलेले पोट फुप्फुसांवर दाब देते. पातळ चारा उलटून श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया ठरलेला. म्हणून पूर्ण भूल टाळता येत नसेल तर आधी साधारण 24 तास चारा आणि 12 तास पाणी तोडतात. दूधपित्या वासराला मात्र असे उपाशी ठेवत नाहीत.

एरवी काम भागवते ते तेवढाच भाग बधिर करणारे लिग्नोकेन. चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळा काढायचा असेल तर शेवटची बरगडी आणि कमरेचे पहिले दोन मणके यांच्या मज्जातंतूंपाशी ते टोचतात. कूस आतपर्यंत बधिर होते. मायांग बाहेर पडले असेल तर शेपटी हापशाच्या दांड्यासारखी वरखाली हलवून मुळाशी खाच शोधतात आणि मोजके मिलिलिटर औषध तिथे देतात. खिलार बैलाच्या शिंगाचे दुखणे असेल तर सुई डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे बूड यांच्या मधोमध जाते. शरीररचना तोंडपाठ असल्याशिवाय यातले काहीच जमत नाही. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला 1988 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या भागाला त्याचा मोठा आधार.

जनावर फार बुजले तर झायलाझिन. बायर कंपनीने 1962 मध्ये शोधलेले हे औषध घोड्याला जितके लागते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात गाय गुंगते. घोड्याचा डोस चुकून गाईला गेला तर काय होईल, हे सांगायला नको. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यांत ते टाळतात, कारण गर्भाशय आकुंचन पावते.

शेळ्यामेंढ्यांचे आणखी नाजूक. कवठे महांकाळ तालुक्यातच रांजणीला शासकीय महामंडळाचे शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे, शेजारच्या जतची माडग्याळ मेंढी प्रसिद्ध आहे. मेंढीला झायलाझिनने फुप्फुसात पाणी होऊ शकते. करडाला तर लिग्नोकेनही बाधते: तीन किलोच्या पिलाला दोन टक्क्यांचे औषध पाऊण मिलिलिटरच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. शिंगांचे कोंब डागताना सढळ हात जिवावर बेततो.

रानटी जनावरापुढे तर वजनही अंदाजाने धरावे लागते. 9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दी, तासन्‌तास धावपळ आणि भुलेचे इंजेक्शन यानंतर दगावला. घाबरून धावलेल्या, तापलेल्या देहावर भूल चढवणे हा सर्वांत वाईट मुहूर्त. तिथे दोष एकट्या औषधावर टाकणे अन्यायाचे.

पशुपालकांनी एवढे करावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक फिरवावा आणि डॉक्टर येताच न विचारता सांगावे: जनावर किती महिन्यांचे गाभण आहे, शेवटचा चारा कधी खाल्ला आणि आधी कोणते इंजेक्शन झाले आहे.