कार्पेट, बिल्ट-अप आणि माझी चुकलेली प्रश्नावली



पेटची तयारी करताना आपण सगळेच 'कार्यात्मक व्याख्या' हा मुद्दा पाठ करतो. चल मोजायचं कसं हे आधी ठरवा, मग मोजा. दोन मार्कांचा प्रश्न, सोपा वाटतो. मलाही सोपाच वाटला होता. तो मला खरा कळला तो घर खरेदीच्या शब्दांमुळे, आणि तेही प्रश्नावल्या भरून झाल्यावर.

माझा विषय शहरी घरांमधला उकाडा आणि विजेचा वापर. पायलट स्टडीसाठी ६४ घरांतून फॉर्म भरून घेतले. त्यात प्रश्न क्रमांक ७ होता, 'घराचे क्षेत्रफळ (चौ. फूट)'. विजेची युनिट भागिले क्षेत्रफळ असं सरळ गणित होतं. एक्सेलमध्ये आकडे भरताना एका इमारतीतले दोन फ्लॅट समोर आले. एकावर एक असलेले, नकाशा अगदी तोच. एकाने ६२० लिहिलं होतं आणि दुसऱ्याने ८७०.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. प्रश्न माझा चुकला होता.

एक घर, तीन क्षेत्रफळं

कार्पेट एरिया म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. बिल्ट-अप म्हणजे त्यात भिंतींची जाडी, आणि बहुतेक वेळा बाल्कनीही धरलेली. सुपर बिल्ट-अप किंवा सेलेबल म्हणजे त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमचा वाटा चढवलेला. या चढवण्याला बाजारात 'लोडिंग' म्हणतात.

समजा या फ्लॅटची किंमत ३४ लाख ८० हजार आहे. ८७० ने भागलं तर दर ४,००० रुपये चौरस फूट. ६२० ने भागलं तर ५,६१३ रुपये. घर तेच, पैसे तेच, फक्त छेद बदलला. माझ्या अभ्यासात हेच विजेचं झालं होतं. ८७० लिहिणारं कुटुंब काटकसरी दिसत होतं आणि ६२० लिहिणारं उधळं.

लोडिंगचीही गंमत बघा. इथे फरक २५० चौरस फुटांचा आहे. तो कार्पेटवर काढला तर ४० टक्के, सेलेबलवर काढला तर २९ टक्के. म्हणून 'लोडिंग ३० टक्के' असं ऐकलंत की पहिला प्रश्न विचारा, कशाच्या ३० टक्के?

कायद्याने व्याख्या केली, पण...

२०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फक्त त्या घराची असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र धरायच्या. कायद्याची उरलेली कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली.

इथे संशोधकाने थांबायला हवं. पूर्वी अनेक ठिकाणी कार्पेट म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतची मोकळी फरशी, म्हणजे आतल्या भिंती वगळून. त्यामुळे तेच घर रेराच्या व्याख्येने थोडं मोठं भरतं. तुम्ही २०१० ते २०२० अशी कार्पेटच्या दरांची मालिका लावलीत, तर मध्येच शब्द तोच राहून अर्थ बदलतो. आलेखात दिसणारा सगळा बदल बाजाराचा नसतो, थोडा व्याख्येचा असतो.

आणखी काही फसवे शब्द

ब्रास: वाळू-खडी घेताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. बांधकाम किंवा प्लास्टर मोजताना १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकच शब्द, पण एकदा घनफळ आणि एकदा क्षेत्रफळ. विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर मिती तपासायची सवय इथे कामाला येते.

गुंठा आणि आर: १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. बोलताना दोन्ही एकच धरतात. एका गुंठ्याला फरक किरकोळ, पण ४० गुंठ्यांच्या एकराला तो सुमारे ५०० चौरस फूट होतो. एक वन बीएचके बसेल एवढा!

सीसी: बांधकाम सुरू करण्याचा परवाना म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, आणि काम पुरं झाल्याचा दाखला म्हणजे कम्प्लिशन सर्टिफिकेट. दोघांनाही लोक सीसीच म्हणतात. 'सीसी आहे' या उत्तरावरून इमारत पायात आहे की पूर्ण झाली आहे हे कळत नाही. राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हे आणखी वेगळं. घराचं वय विचारताना म्हणूनच ठरवा, ताबा मिळाल्यापासून की ओसीपासून?

किंमत: नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या इंडेक्स-२ वर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे आकडे असतात. मोबदला म्हणजे करारातली रक्कम, तर बाजारभाव सरकारी रेडी रेकनरच्या दरावरून काढलेला. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त असेल त्यावर लागतं. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी असतो, कम्प्लिशननंतर विकलेल्या घरावर नसतो. 'घर कितीला पडलं?' या प्रश्नाच्या उत्तरात यातलं काय काय आहे, हे सांगणाऱ्यालाही आठवत नाही.

मग मी काय केलं?

टेप घेऊन परत गेले. ६४ पैकी ५१ घरांनी पुन्हा आत घेतलं, बाकीची १३ गळाली. ८७० लिहिणाऱ्या काकूंच्या घरी मोजमाप ६१२ भरलं. काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही ८७० चं घर घेतलंय. नीट मोज बाई." मी परत मोजलं. तेवढंच. मग त्यांनी २०११ चा करारनामा काढला. त्यात कार्पेट ६२० असं स्वच्छ छापलेलं होतं. ८७० हा आकडा जाहिरातीच्या कागदावर होता. बारा वर्षं त्यांच्या डोक्यात तोच राहिला होता. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग चहा टाकायला उठल्या. मला फार अपराधी वाटलं.

त्या दिवसापासून संमतीपत्रात एक ओळ वाढवली आहे. आम्ही घर मोजणार आहोत, आणि आलेला आकडा तुम्हाला कळवायचा की नाही हे तुम्ही सांगा. मोजमापाचा परिणाम ज्याचं मोजतो त्याच्यावरही होतो, हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं.

तुम्ही सर्वेक्षण करणार असाल तर चार गोष्टी करा.

१. शब्दाची व्याख्या प्रश्नातच लिहा. 'क्षेत्रफळ' असं नुसतं विचारू नका.
२. आकड्याशेजारी 'हा आकडा कुठून?' असा रकाना ठेवा: करारनामा, इंडेक्स-२, जाहिरात की आठवण.
३. एकक छापूनच द्या, उत्तर देणाऱ्यावर सोडू नका.
४. काही घरं तरी स्वतः मोजा, म्हणजे सांगितलेल्या आकड्यांत चूक किती हे समजेल.

आणि पुढेमागे स्वतःचं घर घ्यायला गेलात, तर हीच यादी खिशात ठेवा. तिथेही पहिला प्रश्न तोच, हा आकडा नक्की कशाचा?