डोळे मिटून मार्ग कसा कळतो?

येडशीहून धाराशिवकडे मोटारीनें जातांना एकदां डोळे मिटून बसावें. गाडी सुरू होतांच पाठ मागें टेकते, ब्रेक लागतांच अंग पुढें जातें, वळणावर तें बाजूस झुकतें. बाहेरचें कांहींएक न दिसतां गाडी काय करीत आहे हें आपणांस कळतें. ह्यास कारण पदार्थाचें जडत्व. ह्याच गुणावर एक मार्गदर्शक यंत्र उभारलेलें आहे.

ह्या यंत्रांत वेगाची वाढघट मोजणारे मापक व दिशेंतील फरक दाखविणारे जायरोस्कोप असतात. जायरोस्कोप म्हणजे पूर्वीं खरोखरच वेगानें फिरणारा भोंवरा असे. आतां पुष्कळ ठिकाणीं तें काम प्रकाशकिरणांकडून करून घेतात. निघालों तें ठिकाण, दिशा व वेळ ठाऊक असली कीं वाढघटीच्या बेरजेनें वेग, आणि वेगाच्या बेरजेनें अंतर निघतें. बाहेरून एक शब्दही ऐकावा लागत नाहीं.

परंतु बेरजेंतच खोड आहे. उभ्या गाडीचा वेगही तें यंत्र दर सेकंदागणिक सेकंदीं १ सेंटिमीटरनें वाढवून धरूं लागलें, तर एका मिनिटांत १८ मीटरांची चूक होते. दहा मिनिटांत ती १८० होईल असें आमच्या वाचकांस वाटेल. ती होते १८०० मीटर! कारण ती काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते.

कृत्रिम उपग्रहांची तऱ्हा उलटी. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश धाडतात. निदान चार उपग्रहांचे ऐकूं आले म्हणजे आपलें ठिकाण निघतें. भारतानेंही २०१३ पासून आपले ‘नाविक’ उपग्रह सोडले आहेत. ह्यांतील चूक काळाबरोबर सांचत नाहीं. मात्र हे संदेश अतिशय क्षीण. कोंकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यांत ते पोंचत नाहींत. म्हणून दोहोंची जोडी घालतात. उपग्रह दिसत असतां ते जडत्वयंत्राची चूक काढीत राहतात, आणि बोगद्यांत तें यंत्र एकट्यानें हिशेब चालवितें.

पाणबुडीची अडचण ह्याहून मोठी. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजीं नौदलांत दाखल झाली. अशा नौकेस खोल पाण्यांत उपग्रहाचा आवाज मिळत नाहीं, आणि तो ऐकण्यासाठीं पृष्ठभागावर काठी काढावी तर शत्रूच्या नजरेस पडण्याचा धोका! म्हणून आंतील मापक जितके चोख, तितका अधिक काळ तिला खालीं राहतां येतें.