जुनी स्पोर्ट क्वाड भंगारात घालण्याआधी

‘मॉडेल बंद झालं, आता पार्ट मिळायचे नाहीत. येईल त्या भावात काढून टाक.’ जुनी स्पोर्ट क्वाड बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी ऐकावा लागतो. डीलरच्या काउंटरवर मिळतो, वाळूत भेटलेला अनोळखी माणूस देतो, घरचेही देतात. अमेरिकेत राहणारे मराठी तरुण हौसेने पंधरा-वीस वर्षांपूर्वीची क्वाड घेतात आणि पहिल्याच दुरुस्तीला हे वाक्य ऐकून हात टेकतात. चांगली, दुरुस्त होण्याजोगी यंत्रं केवळ या समजुतीपायी सुटी करून विकली जातात. म्हणून या समजुतीचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी यंत्राची ओळख. स्पोर्ट क्वाड शेतात ओझं ओढणाऱ्या क्वाडहून वेगळी असते. ती हलकी, चेनवर चालणारी, बहुधा पायाने गिअर टाकायची आणि लांब सस्पेन्शनची असते; वाळूच्या टेकड्या आणि मातीचे ट्रॅक हे तिचं क्षेत्र. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत आजही दिसणारी नावं ठरलेली आहेत : सुझुकी एलटी २५० आर (१९८५ ते १९९२), होंडा टीआरएक्स २५० आर (१९८६ ते १९८९), यामाहा बॅन्शी ३५० (अमेरिकेत १९८७ ते २००६), यामाहा ब्लास्टर २०० (१९८८ ते २००६), होंडा ४०० ईएक्स (१९९९ पासून) आणि सुझुकी एलटी-झेड ४०० (२००३ पासून).

मुख्य गैरसमज : मॉडेल बंद म्हणजे पार्ट बंद

या समजुतीच्या मुळाशी दोन सरकारी घटना आहेत आणि दोन्हींचा अर्थ चुकीचा लावला जातो. पहिली १९८८ची. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने (सीपीएससी) कंपन्यांशी केलेला करार त्या वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयाने मंजूर केला. त्याने नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी क्वाडवर बंदी आली नाही; त्यांच्या विक्रीला वयाची आणि प्रशिक्षणाची बंधनं आली. दुसरी घटना २००२ची. पर्यावरण संस्था ईपीएने धुराचे नवे नियम जाहीर केले आणि ते २००६च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. टू-स्ट्रोक बॅन्शी आणि ब्लास्टर अमेरिकेत त्याच वर्षी थांबल्या. पण हे नियम नव्याने तयार होणाऱ्या गाड्यांसाठी होते. तुमच्या गॅरेजमधल्या बॅन्शीचा पिस्टन विकायला त्यांनी कोणालाही मनाई केलेली नाही.

याला जोडूनच एक ठाम विधान कानावर येतं : ‘कायद्याने कंपनीला दहा वर्षं पार्ट ठेवावेच लागतात, त्यानंतर सगळं बंद.’ अमेरिकेत असा कोणताही सर्वसाधारण फेडरल कायदा नाही. मागणी असेल तोवर कंपनी पार्ट बनवते, नसेल तर थांबवते. त्यामुळे सात वर्षांपूर्वीच्या गाडीचा एखादा भाग मिळत नाही आणि तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा क्लच केबल सहज मिळतो. दहा वर्षांची रेघ कोणीही आखलेली नाही.

मग पार्ट ‘नाही’ असं उत्तर का मिळतं? कारण माणसं गाडीचं नाव सांगून पार्ट मागतात. पार्ट नावाने मिळत नाही, नंबराने मिळतो. हे कितीही वेळा सांगितलं तरी पुन्हा सांगावं लागतं.

होंडाचा नंबर पाहा. पहिले पाच अंक भाग कोणता ते सांगतात. १३१०१ म्हणजे पिस्टन. मधली तीन अक्षरं तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते सांगतात. एचबी९ म्हणजे २५० आर, एचएन१ म्हणजे ४०० ईएक्स. शेवटचे आकडे आवृत्तीचे. यामाहात क्रम उलटा असतो : आधी मॉडेलची तीन अक्षरं (बॅन्शीसाठी २जीयू), मग भागाचे पाच अंक (पिस्टनसाठी ११६३१), शेवटी आवृत्ती. हे एकदा समजलं की कंपनीचा पार्ट कॅटलॉग वाचता येतो. डीलरच्या पडद्यावर ‘डिस्कंटिन्यूड’ आलं म्हणजे बहुतेकदा एवढंच, की त्या नंबराची ती आवृत्ती बंद आहे. तिच्या जागी दुसरा नंबर आला आहे का, हा पुढचा प्रश्न आपण विचारायचा असतो. तो न विचारताच माणसं काउंटरवरून परत फिरतात.

नंबराचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. तुमच्या गाडीच्या यादीत दुसऱ्या मॉडेलची अक्षरं दिसली, तर तो भाग तिथूनच घेतलेला असतो. होंडा ४०० ईएक्सचं ३९७ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन एक्सआर ४०० आर या मोटरसायकलच्या इंजिनावरून आलं. त्या मोटरसायकलचं चिन्ह केसीवाय. ४०० ईएक्सच्या यादीत ते दिसलं, की मोटरसायकलचा बाजारही तुमच्यासाठी खुला झाला. सुझुकी एलटी-झेड ४००चं इंजिन डीआर-झेड ४००च्या घराण्यातलं. शिवाय कावासाकी केएफएक्स ४०० आणि आर्क्टिक कॅट डीव्हीएक्स ४०० या त्याच गाड्या, वेगळ्या नावाने विकलेल्या. कार्ब असलेल्या, म्हणजे २००८ पर्यंतच्या एलटी-झेडचा इंजिनाचा भाग सुझुकीकडे संपला असेल, तर तोच भाग कावासाकीच्या यादीत वेगळ्या नंबराने असू शकतो. तिन्ही याद्या शेजारी ठेवून पाहायला अर्धा तास लागतो. तो न देता गाडी विकणं मला पटत नाही.

बॅन्शीचं ३४७ सीसीचं वॉटर-कूल्ड, दोन सिलिंडरचं इंजिन यामाहाच्या आरझेड ३५० मोटरसायकलवरून आलं; फक्त त्यातला पॉवर व्हॉल्व्ह काढला. इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक नाव आठवेल : एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५०. तिचाही बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, क्षमता ३४७ सीसी. आकडे जुळतात म्हणून ‘बॅन्शीचं सिलिंडर राजदूतला बसतं’ अशी चर्चा रंगते. ते तसंच उचलून बसवता येत नाही. राजदूत एअर-कूल्ड आहे आणि तिला तेलाचा पंप आहे. बॅन्शीत पाणी फिरतं आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. घराणं एक असलं म्हणून पार्ट एक होत नाही. नंबर आणि माप जुळलं तरच जुळलं.

माप हा शब्द इथे महत्त्वाचा. बेअरिंग आणि ऑइल सील यांसाठी गाडीचं नावच लागत नाही. बेअरिंगच्या कड्यावर ६२०५ लिहिलं असेल, तर त्याचं आतलं माप २५, बाहेरचं ५२ आणि रुंदी १५ मिमी, मग ते फरीदाबादला बनो की जपानला. सीलवरही तीन मापं छापलेली असतात. चांगल्या कंपनीचं बेअरिंग बेअरिंगच्या दुकानातून घ्या. मात्र आकड्यापुढची अक्षरं सोडू नका : क्रँकच्या बेअरिंगला सी३ लिहिलं असेल तर सी३च हवं, कारण गरम झाल्यावर लागणारी जास्तीची फट त्यात धरलेली असते.

उरलेलं काम बाहेरच्या कंपन्या करतात. २५० आर फक्त चार वर्षं निघाली, पण शर्यतवाल्यांनी ती कधी सोडलीच नाही. म्हणून तिचे पिस्टन, क्रँक, सिलिंडर, अगदी फ्रेमसुद्धा नव्याने बनत राहिल्या. ओहायोची वायसेको पिस्टन बनवते, कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीची मायर जुन्या मॉडेलांचे प्लास्टिक फेंडर बनवते. अडचण खरोखर कुठे येते? वायरिंग हार्नेस, सीडीआय, स्टेटर आणि थोडीच वर्षं निघालेल्या गाड्यांचे खास भाग. कावासाकीची टेकेट-४ किंवा सुझुकीची एलटी ५०० आर घेणाऱ्याने आधी पार्टची यादी तपासावी आणि मगच पैसे मोजावेत. बॅन्शी, ब्लास्टर, ४०० ईएक्स आणि एलटी-झेड यांच्या बाबतीत ‘पार्ट मिळत नाहीत’ हे विधान सरळ चूक आहे.

दुसरा मोठा गैरसमज : इंजिन सीझ झालं, नवा पिस्टन टाका, काम झालं

टू-स्ट्रोकवाल्यांचे सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. पिस्टन बसला तो का बसला, हे न शोधता नवा टाकला, तर तोही त्याच कारणाने बसतो. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हवाबंद असावं लागतं. क्रँकची सील सुकली किंवा कार्बमागचं रबर तडकलं, की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन भाजून निघतो. तपासणी सोपी आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट बुच लावून बंद करा, साधारण ६ पीएसआय दाब द्या आणि तो पाच-सहा मिनिटं टिकतो का पाहा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. याहून जास्त दाब देऊ नका, नाहीतर चांगली सीलही जागा सोडते. ही चाचणी केल्याशिवाय नव्या पिस्टनवर पैसे घालू नका.

ब्लास्टर घेणाऱ्यांना आणखी एक इशारा. तिला कंपनीचा तेलपंप होता. अनेक मालकांनी तो काढून टाकला. आधीच्या मालकाने काय केलं ते न विचारता टाकीत नुसतं पेट्रोल भरलं, तर पहिल्याच फेरीत इंजिन जातं.

आणखी काही, थोडक्यात

*‘तेल जास्त घातलं की मिश्रण घट्ट होतं.’* हवा-पेट्रोलच्या हिशेबात उलटं होतं. पेट्रोल-तेलाच्या ३२ला १ मिश्रणात पेट्रोल सुमारे ९७ टक्के, २०ला १ मध्ये सुमारे ९५ टक्के. जेट तोच, त्यातून जाणारं पेट्रोल कमी. प्रमाण बदललं तर जेटिंग पुन्हा तपासावं लागतं.

*‘कुठलंही सिलिंडर बोअर करता येतं.’* बॅन्शी, ब्लास्टर आणि ४०० ईएक्सला लोखंडी स्लीव्ह आहे; तिथे बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतो. एलटी-झेड ४०० किंवा होंडा ४५० आरच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो नव्याने चढवून घ्यावा लागतो किंवा स्लीव्ह बसवावी लागते. साधा बोअर केला तर सिलिंडर वाया.

*‘टॅपेटचा आवाज बंद झाला, म्हणजे इंजिन सुधारलं.’* एलटी-झेडसारख्या इंजिनात व्हॉल्व्ह बसत जातात आणि फट कमी होत जाते. आवाज जातो, मग सुरू व्हायला त्रास होतो, शेवटी व्हॉल्व्ह जळतो. ४०० ईएक्सची फट थंड इंजिनावर इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.१२ मिमी, ती फीलर गेजने मोजायची, कानाने नव्हे.

*‘ऑइल सकाळी थंड असताना बघावं.’* ४०० ईएक्सचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि उभ्या गाडीत ते खाली इंजिनात उतरतं. इंजिन काही मिनिटं चालवून मगच पातळी पाहा. थंड इंजिनावर पाहून जास्तीचं ऑइल ओतणारे अनेक जण आहेत.

*‘कारचं महाग ऑइल चालतं.’* बहुतेक फोर-स्ट्रोक क्वाडचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए लिहिलेलं हवं. इंधन वाचवणारी कारची तेलं क्लच घसरवतात.

*‘टॉर्स काढली की पॉवर वाढते.’* बॅन्शी-ब्लास्टरची ही यंत्रणा थ्रॉटल अडकला तर इंजिनाचं इग्निशन तोडते. ती काढल्याने शक्ती वाढत नाही; एक सुरक्षा जाते.

*‘नवं स्वस्त कार्ब जुन्यापेक्षा बरं.’* मूळ मिकुनी किंवा केइहिनचं अंग शाबूत असेल तर ते साफ करून जेट, नीडल आणि गॅस्केट बदला. मिकुनीचा जेट केइहिनला वापरू नका.

*‘टायरमध्ये मोटरसायकलइतकी हवा भरावी.’* स्पोर्ट क्वाडला बहुधा ४-५ पीएसआयच लागते. कमी दाबाचं गेज घ्या आणि गाडीवरचा स्टिकर वाचा.

*‘ऑफ-रोड गाडीला कागद कशाला?’* कागद फ्रेमवरच्या नंबराशी जुळवून पाहायला लागतात. तो नंबर घासलेला असेल तर ती गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

जुनी क्वाड घेतल्यावर पहिला खर्च चकचकीत एक्झॉस्टवर करू नका. तो त्या मॉडेलच्या फॅक्टरी सर्व्हिस मॅन्युअलवर करा. त्यात माप आहे, फट आहे, टॉर्क आहे. पार्ट कॅटलॉग कंपन्यांच्या आणि डीलरांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतो. पुढच्या वेळी कोणी ‘पार्ट मिळत नाही’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : कोणत्या नंबरचा? नंबर सांगता आला नाही, तर त्याने पार्ट शोधलेलाच नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून गाडी विकू नका.