वर्गातला टॅबचा कोपरा : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला विद्या प्रतिष्ठानच्या इमारती आठवतात, शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र आठवतं, नाहीतर २०२२ साली सुरू झालेलं सायन्स अँड इनोव्हेशन ॲक्टिव्हिटी सेंटर. मग इथली पहिली-दुसरीची पोरंही संगणकावरच धडे गिरवत असणार, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात सुप्या-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातली किंवा इंदापूरकडे उजनीच्या काठची वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा राज्यातल्या इतर कुठल्याही वस्तीवरच्या शाळेसारखीच असते. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. कुणा कंपनीने किंवा ग्रामपंचायतीने दिलेले तीन-चार टॅब असलेच, तर ते बऱ्याचदा कपाटात. त्या टॅबचं करायचं काय, यावर पालकांत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि कधी कधी शिक्षकांतही जे बोललं जातं, त्यातलं निम्मं ऐकीव असतं.

‘प्रोजेक्टर बसला, शाळा डिजिटल झाली’

प्रोजेक्टर हा उजेडाचा फळा आहे. तो वाईट नाही. ज्वालामुखी किंवा हृदयाचे ठोके दाखवायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण फळ्यासमोर जसा एक जण बोलतो आणि बाकीचे बघतात, तसंच त्याच्यासमोरही होतं. संगणकाच्या वेगळ्या खोलीची गत थोडी निराळी. आठवड्यातून एक तास मुलं रांगेने तिथे जातात, माउस ज्याच्या हाती लागतो तो खेळतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात आणि तास संपतो. या शतकाच्या सुरुवातीला विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने संगणक चक्क बसमध्ये बसवून गावोगावच्या शाळांपर्यंत नेले. ज्या काळी खेड्यातल्या मुलाने संगणक पाहिलेलाच नव्हता, त्या काळात ते मोठं काम होतं. पण ती ओळख करून देण्याची सोय होती. रोजच्या गणिताला आणि वाचनाला यंत्राची जोड द्यायची, तर ते रोजच्या वर्गातच असावं लागतं.

त्यासाठी वर्गातच टॅबचा एक कोपरा करायचा. तो म्हणजे नेमकं काय, ते तिसरीच्या वर्गात पाहू. पट चोवीस, धडा हातच्याच्या वजाबाकीचा. सहा-सहाचे चार गट करायचे. एक गट आईस्क्रीमच्या काड्यांचे दशकाचे गठ्ठे सोडून-बांधून वजाबाकी करतो. दुसरा वहीत शाब्दिक उदाहरणं सोडवतो. तिसरा टॅबच्या कोपऱ्यात: तीन टॅब, दोघांत एक. एकाने टॅबवर उत्तर द्यायचं, दुसऱ्याने तेच उदाहरण वहीत मांडायचं आणि पाच उदाहरणांनंतर जागा बदलायची. चौथा गट बाईंजवळ. वीस मिनिटांनी घंटा, गट सरकतात. ऐंशी मिनिटांत चारही गट सगळीकडे फिरून येतात.

यातला कळीचा गट कुठला असं विचारलं, तर मी टॅबच्या गटाकडे बोट दाखवणार नाही, बाईंजवळच्या गटाकडे दाखवीन. ५२ मधून २७ वजा करताना ‘दोनातून सात जात नाहीत’ म्हणून सरळ उलटं, सातातून दोन काढून ३५ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. साधं ॲप त्या ३५ ला ‘चूक’ म्हणून लाल खूण करतं आणि पुढचं उदाहरण देतं. ही चूक नेमकी कुठून आली, हे मुलाच्या शेजारी बसून, त्याला मोठ्याने बोलायला लावून बाईंनाच कळतं. अठरा मुलं आपापल्या कामाला लागलेली असतील, तरच त्यांना सहा जणांजवळ असं बसता येतं. टॅबचा कोपरा बाईंना ही वीस मिनिटं मिळवून देतो आणि त्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

‘यंत्र आलं की गुरुजींचं काम कमी’

हा गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. काही पालकांना वाटतं, आता टॅबच शिकवील. काही शिक्षकांना धास्ती, की आपली जागा जाते की काय. गुजरातमधल्या दोन अभ्यासांनी हा प्रश्न बराच निकालात काढला आहे.

पहिला बडोद्याचा. २००० साली गुजरात सरकारने बडोदा महापालिकेच्या १२२ प्राथमिक शाळांपैकी १०० शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहिलं, तर फारच थोडे संगणक मुलांच्या हाती पडले होते. मग ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोघं, गणिताचे खेळ आणि सोबत प्रशिक्षित माणूस अशी आखणी केली. गणिताचे गुण चांगलेच वाढले. भाषेत काहीच फरक पडला नाही, आणि गणितातला फायदाही कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बराचसा विरून गेला. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच दोघे.

दुसरा ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांतला. ली लिंडन या अभ्यासकाने तिथे तेच सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरलेलं तपासलं. जिथे संगणकाने चालू तासातला शिकवण्याचा वेळ घेतला, तिथे मुलं एरवी शिकली असती त्याहूनही कमी शिकली. जिथे तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर, शिकवून झाल्यावरचा सराव म्हणून आला, तिथे ती पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच, वयोगट तोच. ज्ञानशालेच्या वर्गांत शिकवणं मुळातच बरं चाललं होतं, म्हणून ते काढून घेतल्याचा तोटा लगेच दिसला. आपल्याकडे सरावाच्या वेळेत टॅब द्यायचा की शिकवण्याच्या वेळेत, यावर कुणी फारसं बोलत नाही. टॅब किती इंचांचा घ्यायचा, यावर मात्र तासभर बैठक चालते.

आपल्या भागात यालाच जोडून आणखी एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. या जोडवर्गात गुरुजी एका इयत्तेला शिकवतात तेव्हा दुसरी इयत्ता पाढे लिहीत बसते, आणि एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही इयत्ता एकाच्या गळ्यात. ‘आमच्याकडे शिक्षकच दोन, कोपरे-बिपरे मोठ्या शाळांना ठीक’ असं म्हणतात ते मला उलटं वाटतं. पंचवीस मुलांची एकच इयत्ता आणि तिला स्वतंत्र शिक्षक, तिथे कोपरा नसला तरी भागतं. त्याची खरी निकड जोडवर्गाला आहे.

अर्थात टॅब टेबलावर ठेवला म्हणजे कोपरा उभा राहिला, असं नाही. मुलांना आधी गुरुजींशिवाय वीस मिनिटं काम करता यायला हवं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शाळा बदलल्या, तेव्हा राज्यभरातून शिक्षक त्या बघायला गेले. तिथे फरशीवर आखलेल्या आकृत्या होत्या, खडे, मणी, काड्या होत्या आणि गटात बसून आपलं आपण काम करणारी मुलं होती. अशा वर्गात टॅब आला तर तो पाचव्या साहित्यासारखा मिसळून जातो. एरवी मुलांना रांगेत गप्प बसायचीच सवय असेल, तर पहिल्याच दिवशी टॅबवरून मारामारी होते आणि तो पुन्हा कपाटात जातो. म्हणून पहिले दोन-तीन महिने कोपरे काड्या-मण्यांचेच चालवावेत, यंत्र नंतर आणावं.

‘प्रत्येकाला एक दिल्याशिवाय उपयोग नाही’

हे देणगीदारांचं आवडतं वाक्य, कारण त्याचा फोटो छान येतो. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला एक सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत झाला होता. ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली पेरू देशाने. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची शास्त्रशुद्ध तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत यंत्रं भरपूर वाढली, वापरही वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. बडोद्यात मात्र एका संगणकापुढे दोघं बसूनही गणित सुधारलं होतं. दोघांत एक असलं की मुलं बोलतात, भांडतात, एकमेकांना समजावतात. फक्त जागा बदलण्याचा नियम काटेकोर हवा, नाहीतर धीट मूल बोटं चालवतं आणि लाजरं मूल बघत राहतं. मुलगा-मुलगी अशी जोडी लावली तर हे जास्तच जाणवतं.

‘पोरांच्या हाती द्या, ती आपोआप शिकतात’

पालक हे कौतुकाने सांगतात: आमचा बारका मला मोबाईल शिकवतो. सुगाता मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली, तेव्हापासून या समजाला शास्त्राची झालर लागली. असे संगणक पुढे सिंधुदुर्गातही बसले. मुलं यंत्र चालवायला आपापली शिकतात, हे खरंच आहे. पण पायल अरोरा या अभ्यासिका काही वर्षांनी उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबागला गेल्या, तेव्हा तिथल्या भिंतीतल्या संगणकांचा उपक्रम मागे पडलेला होता. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेली ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. यंत्र चालवता येणं आणि त्यावर शिकणं यांतलं अंतर एवढ्यावरून दिसतं.

‘मधेच आलेल्या मुलांना हे काय कामाचं?’

दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा अशा कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांतली मुलं जवळच्या शाळेत आली, तर ती वर्षाच्या मध्यावर येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात. स्थलांतरात त्यांचं शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण चौथीच्या वयाचं, दुसरीचं वाचन येणारं मूल चालू धड्यात बसवायचं कसं, हे त्या कागदातून कळत नाही.

चौथीचा धडा समोर ठेवला की हे मूल गप्प होतं. मूल जिथे आहे तिथून सुरू होणारं साहित्य त्याला मिळालं तर ते चालायला लागतं. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ केंद्रांवर नेमकं हेच तपासलं गेलं. तिथली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या पातळीचे प्रश्न दिले आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोन्हींत ठळक वाढ झाली. हे शाळा सुटल्यावरच्या केंद्रात झालं, हेही सांगायला हवं. वर्गातल्या कोपऱ्यात तेवढा वेळ मिळणार नाही. पण कोपीवरून आलेल्या मुलीला सगळ्या वर्गासमोर दुसरीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. टॅबवर कुठली पातळी उघडली आहे, ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

‘हे सगळं इंग्रजीतच असतं’

एके काळी होतं. आता बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी गोष्टी उतरवून घेता येतात. मूल मोठ्याने वाचतं आणि यंत्र ऐकून अडलेला शब्द सांगतं, असं गूगलचं ‘रीड अलाँग’ २०२० मध्ये मराठीसह आलं. गोंगाटाच्या वर्गात त्याला नीट ऐकू जात नाही, म्हणून तो गट व्हरांड्यात बसवावा. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने उघडतात. क्यूआर कोडची कल्पना आपल्याकडे रुजवण्यात मोठा वाटा रणजितसिंह डिसले गुरुजींचा. उजनीच्या पलीकडे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी हे काम केलं. त्यासाठी त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

इंटरनेटचं रडगाणंही याच जातीचं. वरचं बरंचसं साहित्य एकदा तालुक्याच्या गावी उतरवून घेतलं की वस्तीवर रेंज नसली तरी चालतं. विजेचा प्रश्न मात्र खरा आहे, थकीत बिलामुळे मीटर काढून नेलेल्या शाळा काही काल्पनिक नाहीत. पण तीन टॅबना लागणारी वीज फारच थोडी. छोट्या सौर पॅनलवर त्यांचं भागतं, संगणकांच्या अख्ख्या खोलीचं भागत नाही.

‘डोळे जातील, मोबाईलचं वेड लागेल’

कोविडच्या काळात पालकांनी जे पाहिलं, त्यातून ही भीती आली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शनातही आठवीपर्यंतच्या मुलांना दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास सांगितले होते. कोपऱ्यात एका मुलाच्या वाट्याला येतात ती दिवसाला वीस मिनिटं, तीही जोडीदाराबरोबर वाटून आणि वहीत लिहीत. रात्री जेवताना एकट्याने बघितलेल्या रीलशी त्याची बरोबरी नको. तरीही पहिलीतल्या पोरांना ही वीस मिनिटं मातीत, अक्षरं गिरवण्यात गेली तर मला जास्त आवडेल. कोपरा दुसरीपासून पुढे.

समितीच्या बैठकीत टॅबचा ठराव यायचा असेल, तर किमतीच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: चार्जिंगची आणि कपाटाच्या किल्लीची जबाबदारी कुणाची, तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या बसतील तेव्हा पैसे कुठून येतील, आणि बदलीने नवे शिक्षक आले तर त्यांना पहिल्या आठवड्यात हे कोण दाखवणार. देणगीदार दहा टॅब देतो म्हणाला, तर चारच घ्यावेत आणि उरलेले पैसे दुरुस्तीसाठी शाळेच्या खात्यात मागून घ्यावेत.